शेवटची वचनं

प्रिय पप्पा,

बायबलमधल्या सर्वांत जुन्या शुभवर्तमानाची शेवटची वचनं नंतर कुणीतरी जोडली, असं मी माझ्या पुस्तकात लिहिलं, तेव्हा तुम्ही चर्चमध्ये भर उपासनेत म्हणालात, "घरचंच माणूस घराला आग लावतंय." तेव्हापासून आपला अबोला. मम्मी तेवढी चोरून फोन करायची.

काल तिच्या दफनविधीला मी मागच्या बाकावर बसले होते. पाळक म्हणून तुम्ही त्याच शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय वाचायला घेतलात. प्रभूची रिकामी कबर पाहून बायका घाबरून पळाल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत, इथवर आलात. जुन्या हस्तलिखितांत मजकूर इथेच संपतो. तुम्हीही थांबलात.

दादा कुजबुजला, "पप्पा, पुढचं राहिलं."

"आज एवढंच खरं वाटतंय," म्हणालात आणि पुस्तक मिटलंत.

मला तुमच्याजवळ यायचं होतं, पण बाकावरून उठले नाही. वाद जिंकल्यासारखं क्षणभरही वाटलं नाही. तुम्ही पुढचंही नेहमीच्या खणखणीत आवाजात वाचावं, असंच वाटत राहिलं.

खोलीवर आले आणि प्रभू मेलेल्यांतून उठून आपल्या माणसांना पुन्हा भेटतो, ती उरलेली वचनं मोठ्याने वाचली, अगदी तुमच्या चालीत. मम्मीसाठी. ऐकायला कुणी नव्हतं.

हे पत्र पेटीत टाकायचा धीर होईलसं वाटत नाही. जेवत जा.

तुमचीच,
धाकटी