काकूचा गंधार

अल्फारेटा,
६ फेब्रुवारी २०२५

चि. राधिकास अरुणकाकाचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर उत्तर देता येत नाही म्हणून तुझी काकू रडते, तेव्हा आता पत्रंच. तुझी पत्रं मी तिला मोठ्यानं वाचून दाखवणार, म्हणून माझी निंदा बेतानं कर.

अर्धांगाच्या झटक्यानंतर ती आता वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत जाते. उजवा हात हलत नाही आणि शब्द एकही फुटत नाही. थेरपिस्ट म्हणते, बोलणं गेलेल्यांना कधी कधी गाता येतं. पण तिचीच जुनी रेकॉर्डिंग्ज लावली की ती तोंड फिरवते. तिचा रविवारचा गाण्याचा क्लास बंद आहे. काल तिनं पेटीकडे बोट दाखवून, कुणाला तरी देऊन टाका, अशी खूण केली. मला फार भीती वाटली गं.

तुझा,
अरुणकाका

शिकागो,
१५ फेब्रुवारी

ती. काका आणि काकू, दोघांना वाकून नमस्कार.

पेटी दिलीत तर मी कट्टी घेईन.

आमचा कॉयर, म्हणजे गायनवृंद, मध्ययुगातली चर्चची गाणी म्हणतो, हे काकूला ठाऊक आहे. त्या काळी शिकवणारे साधू डाव्या हाताच्या पेरांवर सूर ठरवून ठेवत. पेरावर बोट ठेवलं की मुलं तो सूर लावत. इथल्या शाळांमधलं डो-रे-मी त्याच शिकवण्यातून आलं आणि पुढचं बरंचसं पाश्चात्त्य संगीत त्यावर वाढलं. परवा आमच्या बाईंनी कागद न देता अख्खी चाल अशीच बसवली. मला पेरांवर ताल मोजायला लावणारी काकू आठवली.

तिचा डावा हात चांगला आहे ना? तर्जनीच्या खालच्या पेरावर सा, मधल्यावर रे, वरच्यावर ग. काका, पेरावर बोट ठेवून आधी तुम्ही म्हणा. काकू, हसू नकोस.

माया आहे तेवढी राहू द्या.
राधिका

अल्फारेटा,
२ मार्च

चि. राधिकास अनेक आशीर्वाद.

आठवडाभर मी रोज तिचा डावा हात घेऊन बसलो. ती खिडकीबाहेर बघायची. सा कसाबसा लागे, पण गंधाराला मी घसरायचो आणि ती डोळे मिटायची. लग्नापासून अशीच मिटत आली आहे.

काल पुन्हा घसरलो. तिनं माझं बोट मुठीत घट्ट धरलं, रागानं माझ्याकडे पाहिलं आणि स्वतः गंधार लावला. स्वच्छ, पहिल्यासारखा. मी रडायला लागलो, तरी तिनं बोट सोडलं नाही. मला तो यावा म्हणून ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

आज सकाळी तिनं आपणहून हात पुढे केला. पेटी जागेवरच आहे. माझा गंधार अजून लागलेला नाही आणि मला तशी घाईही नाही.

आम्हा दोघांवर जीव असू दे.
तुझा बेसूर काका