कोंबड्याच्या शिक्क्यावर सुटलेले आजोबा

हेगेनवाइलर,
नाताळपूर्व आगमनकाळातील दुसरा रविवार

आदरणीय लीझेल आत्या यांस,

दोन्ही हात पिठाने माखलेले असल्यामुळे कोपर जोडून केलेला भाची रोस्विथा हिचा नमस्कार गोड मानून घ्यावा. तुमच्या गुडघ्याची चौकशी गेल्या पत्रात केली होती; तिचे उत्तर आले नाही, म्हणून गुडघा बरा असून हात दुखत असावा असे धरून चालते. वृद्धाश्रमातील नव्या परिचारिकेला तुम्ही १९४५ च्या नाताळातील निळ्या कोंबड्यांची गोष्ट सांगितलीत आणि तिने तत्काळ डॉक्टरांना बोलावले, हेही कळले. तिच्यावर रागावू नये. त्या गोष्टीला आपल्या घरातही आजवर कोणी धड मान दिलेला नाही.

आता मुख्य विषय. तुमचे वडील आणि माझे आजोबा, ओयगेन नेगेले, बेकर, हे युद्ध संपण्याआधीच, एप्रिल महिन्यात, गावात कणीक मळताना दिसले. बाकीचे शरणागतीनंतर किंवा शत्रूच्या कैदेतून परतले. एवढ्यावरून त्यांना पळपुटे ठरवणारे 'एप्रिल-ओयगेन' हे नाव पडले आणि ते थडग्यापर्यंत पुरले, हे तुम्हाला मी सांगायला नको. 'सोनेरी बैल' खानावळीत माजी सैनिकांचे जे राखीव मेज आहे, त्यावर दर शनिवारी खारे, पिळाचे प्रेत्सेल पाव आजोबाच पोचवीत आणि स्वतःची बिअर मात्र भट्टीवाल्या भिंतीशी उभ्याने पीत. (पाव त्यांचा चाले, बूड चालत नसे.) ते मेज स्थापन करणारा आणि ते नाव ठेवणारा गोट्लोब ब्योप्ले. त्याचा नातू हार्टमूट, निवृत्त पशुवैद्य, हा सध्या गावाच्या इतिहास समितीचा अध्यक्ष आहे आणि माणसांशीही तो जनावराचे दात तपासावे तशाच सुरात बोलतो. समितीने नगरभवनात 'आपले शिपाई' नावाचे प्रदर्शन योजले. त्यात गावातल्या प्रत्येक शिपायाचा फोटो लागणार, फक्त आजोबांचा नाही. मी जाब विचारायला गेले, तेव्हा हार्टमूट शांतपणे म्हणाला, “बाई, माझी ना नाही. ते एप्रिलमध्ये घरी कसे, तेवढा कागद दाखवा. कागद नाही, तर खिळा नाही.”

पस्तीस वर्षे मुलांना इतिहास शिकवलेल्या बाईला असे आव्हान देणे म्हणजे बैलाला लाल फडके दाखवणे. मी त्याच पावली ग्रंथालयात जाऊन व्याख्यान जाहीर केले: 'ओयगेन नेगेले: एका निर्दोष माणसाची सप्रमाण सिद्धता'. रुप्रेख्ट (माझे यजमान, तुम्ही त्यांना अजूनही 'तो दातवाला' म्हणता) एवढेच म्हणाले की, आधी वाचावे आणि मग जाहीर करावे. हा सल्ला संशोधनशास्त्राच्या दृष्टीने अचूक होता, म्हणूनच मला तो सहन झाला नाही.

आजोबांची ओळखपुस्तिका बाबांच्या कपाटात होती. ही पुस्तिका शिपाई सदैव छातीशी बाळगी. पगार, कपडे, लसी, इस्पितळ, रजा, सारे तिच्यात नोंदलेले असे. नवशिका माणूस पहिले पान उघडतो आणि फसतो, कारण पहिले पान माणूस कसा होता ते सांगते, कुठे होता ते सांगत नाही. (उंची मध्यम, चेहरा गोल, बुटाचे माप मोठे: ही माहिती आपल्या घराण्यातील कोणाच्याही पायाकडे पाहून मिळते.) शास्त्रशुद्ध पद्धत अशी की आधी शिक्के वाचावेत. प्रत्येक तुकडीचा शिक्का वेगळा. जुन्या तुकडीचे नाव खोडताना कारकून एकच रेघ मारतो, म्हणजे खाली वाचता येते. लस कुठल्या डॉक्टरने टोचली त्यावरून शिपाई कोणत्या गावात होता ते उमगते. जेवणाचे मेज मी चार आठवडे अडवून ठेवले आणि आम्ही दोघे चुलीशी उभ्याने जेवलो, ही वंशपरंपराच म्हणायची. एकेक शिक्का जोडत मी आजोबांना पावभट्टीच्या तुकडीतून आधी फ्रान्समध्ये, मग आपल्या सैन्याने व्यापलेल्या रशियातील स्मोलेन्स्कपर्यंत नेले. आपल्या घरी 'ते फक्त पाव भाजत होते' हे वाक्य आपण मिठासारखे वापरतो. खरे आहे, भाजत होते. त्या शहरात तो पाव कोणाला मिळाला आणि कोणाला मिळाला नाही, यासाठी पुस्तिकेत रकाना नाही. ते वाक्य मी व्याख्यानातून काढून टाकले आणि आता स्वयंपाकघरातूनही काढले आहे. तुम्हीही काढावे अशी विनंती आहे.

पुढे १९४५. मार्चमध्ये हाताला भाजले म्हणून इस्पितळात भरती, महिनाअखेर सुट्टी, 'तुकडीकडे रवाना'. आणि त्याखालच्याच ओळीत: प्रकृतीसाठी घरी रजा, एप्रिलअखेरपर्यंत, गोल शिक्क्यासह. आत्या, मी मेजाभोवती नाचले. (रुप्रेख्ट यांनी पाहिले, ते नाकारण्यात अर्थ नाही.) शिक्क्याची कड अंगठ्याने पुसल्यासारखी फिसकटली होती आणि इतर शिक्क्यांत सरकारी गरुड शाईचा असून भोवती कोरा कागद दिसतो, तर येथे भोवती शाई आणि पक्षी मात्र कोरा होता. या उलट्या छपाईचे कारण युद्धकाळातील निकृष्ट रबर हे होय, असे मी दोन पानी टिपणात पूर्णपणे सिद्ध केले. ते टिपण अजून जपून ठेवले आहे. माणसाला नम्र राहण्यासाठी काही तरी लागते.

व्याख्यानाला तीन दिवस उरले असताना मी नाताळची बडीशेपेची बिस्किटे करायला घेतली. आजोबांचा नासपतीच्या लाकडाचा साचा तुम्हाला आठवतच असेल: फुलांच्या माळेवर उभा असलेला कोंबडा, शेपटीतून आरपार गेलेली चीर. तो मी कणकेवर दाबला, उचलला, आणि पाहतच राहिले. रबराचा काही दोष नव्हता. पुस्तिकेतल्या त्या कोऱ्या गरुडालाही तुरा होता आणि त्याची शेपटीही तिथेच चिरलेली होती.

पडताळा घ्यायचा म्हणून मी रुप्रेख्ट यांच्या जुन्या दवाखान्यातली शिक्क्याची निळी शाई साच्याला लावून कागदावर ठसा घेतला. तंतोतंत जुळला. सरकारने कुठलीही रजा दिली नव्हती. आजोबा इस्पितळातून तुकडीकडे न जाता थेट घरी आले, आपल्या स्वयंपाकघरात बसून स्वतःला रजा मंजूर केली आणि तिच्यावर बिस्किटांचा कोंबडा उठवला. रुप्रेख्ट म्हणाले, घसा बसला म्हणून कळव. मी म्हटले, माझा घसा या गावासाठी पस्तीस वर्षे बसलेला नाही, तो आता बसणार नाही.

शुक्रवारी ग्रंथालय गच्च भरले होते. मी पहिल्या पानापासून सर्व पद्धतशीर समजावले, पडद्यावर दोन्ही ठसे शेजारी शेजारी दाखवले आणि साचा हातोहात फिरवायला दिला. हार्टमूट पहिल्या रांगेत होता. साचा त्याच्या हातात बराच वेळ राहिला. मग तो म्हणाला, “म्हणजे पळालाच ना शेवटी?”

“पळाला,” मी म्हटले. “चोख पळाला. शेजारच्या गावात त्याच आठवड्यात पळालेल्या दोन पोरांना झाडाला लटकवलं होतं, तरी पळाला. माझी तक्रार एवढीच, की पाच वर्षं उशिरा पळाला.”

मागे बसलेली म्हातारी कोएनिग बाई मोठ्याने म्हणाली, “पाव मात्र त्याचाच चांगला होता,” आणि लोक कोट शोधू लागले. व्याख्यानाचे शीर्षक मी बदललेले नाही. निर्दोष हा शब्द स्मोलेन्स्कसाठी वापरता येत नाही हे मी तिथे स्पष्ट सांगितले. पण एप्रिलसाठी तो मी वापरणार, आणि ज्याला खटकेल त्याने स्वतःचा पाव स्वतः भाजावा.

तुमच्यासाठी बिस्किटांचा डबा सोबत पाठवला आहे. थंडीत खिडकी उघडी ठेवू नये. मोठ्या बुटांच्या या घराण्यातील, कोणालाही न बधणारी,

तुमची
रोस्विथा

ता. क. — तुमच्या पलंगावर टांगलेला आजोबांचा ॲप्रनमधला फोटो मला प्रदर्शनासाठी हवा आहे. चाळीस वर्षे तुम्ही तो कोणालाही दिलेला नाही, हे ठाऊक आहे. हे सगळे पत्र त्यासाठीच लिहिले. गणवेशातला फोटो मी लावणार नाही.

आणखी एक — खिळा मिळाला. काल सकाळी हार्टमूट आमच्याकडे मागच्या दाराने आला, बगलेत फडक्यात गुंडाळलेली गोट्लोबची पुस्तिका. गोट्लोब फ्रेंचांच्या कैदेतून सुटून जूनमध्ये परतला, असे गाव मानते. पुस्तिकेत मात्र एप्रिलमध्ये प्रकृतीसाठी रजा, आणि तिच्यावर कोरा पक्षी, तुरा, चिरलेली शेपटी. जून उजाडेपर्यंत तो कुठे दडला होता, ते त्याचे त्याला माहीत. पण ज्या एका माणसाला त्याचे गुपित ठाऊक होते, त्याला त्याने जन्मभर आपल्या मेजावर बसू दिले नाही. आणि त्या माणसाने प्रेत्सेल पोचवत राहून कधी तोंड उघडले नाही. हार्टमूटने दोन कप कॉफी घेतली. मग म्हणाला, “बाई, हे कुणाला सांगणार नाही ना?” मी म्हटले, “फक्त आत्याला.” “मग झालंच,” तो म्हणाला. दोन्ही फोटो शेजारी आणि दोन्ही शिक्के त्याखाली, नाही तर दोन्ही नाहीत, ही माझी अट आहे. तो विचार करतो म्हणाला. जाताना मात्र पुढच्या दाराने गेला, आणि आज दुपारी खिळे कुठल्या मापाचे आणू असे विचारणारी चिठ्ठी पत्रपेटीत मिळाली.

अगदी शेवटचे — शिक्क्याची शाई नासपतीच्या लाकडातून निघत नाही. मी तीनदा घासून धुतला, तरी डब्यातले सगळे कोंबडे निळे झाले आहेत. ते खाऊ नयेत. आधी डॉक्टरांना दाखवावेत, मग त्या परिचारिकेला. आणि तुम्ही सात वर्षांच्या असताना पाहिलेले निळे कोंबडे असेच होते का, एवढे मला उलट टपाली कळवावे.