सुजाता रोज का हरायची?

गुरुवार, संध्याकाळ

सुजाता मुद्दाम हरायची का? मला खरंच सांगता येत नाही.

घोडपदेवहून शाळेत चालत जाताना आम्ही दोघी एकमेकींना खुळचट कोडी घालायचो. एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड? जिंकेल तिने मधल्या सुट्टीत हवा तो डबा घ्यायचा. सुजाता रोज हरायची. तिची अंडाबुर्जी मला, माझी चपाती-चटणी तिला. आई पहाटेच कामाला जायची, म्हणून माझ्या डब्यात कायम चटणीच.

आज भाचीला माझ्या हुशारीची ही गोष्ट रंगवून सांगत होते, तर आई मध्येच म्हणाली, "अगं, पण गणितात पहिली तीच यायची ना?"

इतक्या वर्षांत हे मला कसं सुचलं नाही? की तिला ती चटणी खरंच आवडायची? बोटं चाटून खायची. आता विचारलं तरी हसून उडवून लावेल.

भाचीने विचारलं, "मावशी, मग हुशार कोण गं?"

घरातली पहिली पदवीधर मी. तरी सांगून टाकलं, "सुजाता."