पाण्याची राखण

प्रिय रूपेश,

मी बोलतेय आणि अक्षदा लिहितेय. तुझी ही धाकटी बहीण माझं ‘हाय-नाय’ पुसून ‘आहे-नाही’ करते, तेव्हा पत्रात मी मास्तरीण वाटले तर दचकू नकोस. तुझी पिशवी आज विलासच्या टेंपोतून साजगावला खोलीवर येईल. परवा तुम्ही दहा जण किशोर मुकादमाबरोबर बंगालात निघणार, नदी समुद्राला मिळते तिकडे बांध घालायला. काल फोनवर छाती फुगवून सांगितलंस, नऊ जण खाली चिखलात काम करणार आणि तू वर उभा राहून पाण्याची राखण करणार. कोंडाण्याचा गडी, नदीकाठी वाढलेला, दुसऱ्या कोणाला नेमतील? मी हसले आणि फोन तुझ्या आईकडे दिला. तुला वाटलं असेल म्हातारीला ऐकू आलं नाही. आलं रं. सगळं आलं.

आधी पिशवीचं ऐक. तुझ्या दोन जाड जीन्स मी काढून ठेवल्यात. त्या हवेत घाम सुकत नाही, अंगावरच शिजतो. दोन दिवसांत मांड्या सोलतील आणि व्यालेल्या म्हशीसारखा फेंगडा चालशील. सुती सदरे चार, तुझ्या बापाची लुंगी आणि करंजाच्या तेलाची बाटली घातलीय. खाज सुटली की तेल लाव. वास येतो म्हणून नाक मुरडू नकोस, तिकडे तुला हुंगायला कोण बसलीय? (अक्षदा हसतेय. कोणी असेल तर आत्ताच सांग.) आमसुलं आणि खडेमीठ फडक्यात बांधलंय, दुपारी गरगरलं की पाण्यात कालवून पी. तिकडची हवा ओल्या घोंगडीसारखी तोंडावर बसते. मला कसं ठाऊक, तेही सांगते.

गमबूट मी काढले. तुझी आई नंदा चिडली, नवे कोरे आहेत म्हणाली. चिडू दे. खाडीचा चिखल बूट धरला की सोडत नाही. अनवाणी पाय निसटतो, बुटातला राहतो. बुटांच्या जागी जुनी थाळी घातलीय. ती जेवायला नाही, बडवायला. माणसाचा गळा ऐन वेळी बसतो.

आपली नदी तुला कळते, यात शंका नाही. घाटावर पाऊस कोसळला की खाली ऊन असलं तरी पाणी येतं, पण सांगून येतं. आधी गार वारा, मग पालापाचोळा, मग फेस, मग दगड गडगडल्याचा आवाज. खेकडे धरायला उतरलो की एकाने वरच्या अंगाला तोंड करून उभं राहायचं, हे तुला मीच शिकवलं. तीन वर्षांचा होतास तेव्हा तूही उभा राहायचास, नागडा, कमरेवर हात ठेवून, जसा काही पाटलाचा जावई. मी चुकीचं शिकवलं नाही. पण ते कोंडाण्यापुरतं आहे.

तुझा आजा तापाने गेला, असं मी सगळ्यांना सांगत आले. तुझ्या बापालाही. ताप नव्हता. तुझा बाप पाच वर्षांचा होता, त्याला माझ्या आईकडे ठेवून आम्ही दोघं गुजरातेत गेलो होतो, नर्मदेच्या मुखाकडे, रेती काढायला. नदी एवढी रुंद की पलीकडचं माणूस दिसायचं नाही. अंगावरचं लुगडं दिवसभर ओलं. कामाचा दुसराच दिवस होता आणि तिथली गावची माणसं आलीच नाहीत. आमचा मुकादम आपल्याच बाजूचा, आमच्याइतकाच नवखा. तो म्हणाला, बरं झालं, आज आपल्यालाच रान मोकळं. सहा जण वाळूत उतरले. मला म्हणाला, तू डोंगरातली, तुला नदी कळते, तू राखणीला उभी राहा. मी फुगले. तुझ्यासारखीच फुगले.

अवस होती. गावच्यांना ठाऊक होतं, आम्हाला नाही. भर दुपारी मी डोळ्यांत तेल घालून वरच्या अंगाला बघत उभी होते. पाला नाही, फेस नाही, आवाज नाही. पाणी माझ्या पाठीमागून आलं, समुद्राकडून, उलटं. मी वळले तोवर पाच जण पळत सुटले होते. तुझा आजा मांडीपर्यंत रुतला होता, आणि तो पाण्याकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता, मी ओरडेन म्हणून.

अक्षदा थांबलीय. लिही गं बाई. गावात खरं सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, राखणीला कोण होतं? म्हणून ताप. तू जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही, म्हटलं तरी तू थोडाच ऐकणार आहेस. पण नंदाने पंचांगात बघितलं, तुम्ही पोचाल त्याच्या दुसऱ्या दिवशी अवस आहे, समुद्राला मोठं उधाण येतं तो दिवस. तिथल्या एखाद्या म्हातारीला विचार, पाणी कुठून येतं, आणि ती हात करेल तिकडे तोंड करून उभा राहा. गावची माणसं कामाला आली नाहीत, तर तुमच्यातलाही कोणी उतरता कामा नये. आणि हे पत्र एकट्याने वाचून खिशात घालू नकोस. गाडीत बसलात की किशोरला आणि त्या नऊ जणांना मोठ्याने वाचून दाखव, खाली घातलेल्या माझ्या नावासकट. त्यासाठीच सांगून लिहवलंय. माझी लाज निघाली तर निघू दे. ती चाळीस वर्षं जपली, आता तिचा काही उपयोग होऊ दे.

तुझीच आजी,
हिरू, कोंडाण्याची