बुलेटचा मालक मीच

४ मार्च, सकाळी ६.१५
आणि नाव बुलेटच आहे. ढब्बू नाही. अकरा वर्षं हेच सांगतोय. काल परत बाबांचा फोन. ढब्बू दोन दिवस नीट जेवला नाही म्हणे. मी विचारलं, कोण ढब्बू? आपल्या ओळखीत असं कोणी नाही. बाबांनी फोन ठेवून दिला. ठेवू देत. ज्याने कुत्रा आणला त्याने नाव ठेवायचं, साधा नियम आहे. सातवीत असताना मी वर्गातल्या एकाला कंपासपेटी देऊन त्याच्याकडून हे पिल्लू घेतलं आणि जर्किनमध्ये लपवून घरी आणलं. शाळेचा मला झालेला तेवढा एकच फायदा. तेव्हा हेच बाबा म्हणाले होते की हे जनावर उद्या घराबाहेर गेलं पाहिजे. तो उद्या अजून यायचाय.

नवे निश्चय. एक, रोज पाचला उठायचं. (आजचा दिवस धरायचा नाही.) दोन, जूनपर्यंत सुपरवायझर. तीन, बाबांना आपणहून फोन करायचा नाही. त्यांनी केला तर उचलायचा, नाहीतर त्यांना वाटेल मी रागावलोय.

५ मार्च, जेवणाची सुट्टी
धाकट्या बहिणीचा मेसेज. डॉक्टरांनी तपासलं, किडन्या खराब झाल्यात म्हणाले. कोण हा डॉक्टर? त्याने बुलेटला दहा मिनिटं बघितलं. मी अकरा वर्षं ओळखतो. मला इथे बसल्या जागी कळतंय की त्याला माझी आठवण येतेय. दुसरं काही नाही.

रूममेटला हे समजावलं. त्याला सगळे वकील म्हणतात. आहे ड्रायव्हर, पण कशावरही वाद घालतो. वकील म्हणाला, तुला घर सोडून अडीच वर्षं झाली, त्याला आठवण आत्ता आली का? मी म्हटलं, कुत्र्याचं मन तुला काय कळणार. त्यांच्यात आठवण हळूहळू साठते. वकील गप्प बसला. खरं तर झोपला, पण उत्तर दिलं नाही हे महत्त्वाचं.

७ मार्च
प्रमोशन झालं. आमची लाँड्री हॉस्पिटलांचे कपडे धुते. मध्ये भिंत आहे. एका बाजूला मळकं येतं, दुसऱ्या बाजूने धुतलेलं निघतं. आजपर्यंत मी धुतलेल्या बाजूला घड्या घालत होतो. आता मळक्या बाजूला. सुपरवायझरबाई म्हणाल्या, घडी कशी घालावी यावर तू माझ्याशी दोन वर्षं भांडतोयस, तिकडे घड्याच नाहीत. पण मला आतलं कळतं. मळक्या बाजूला विश्वासाची माणसं लागतात. चादरींतून काय काय निघतं. आज दोन चमचे, एक चष्मा आणि खालच्या दातांची कवळी निघाली. सगळं प्रामाणिकपणे सापडलेल्या वस्तूंच्या डब्यात टाकलं.

घरी फक्त प्रमोशन झालं एवढंच कळवलं. बाजू सांगायची गरज नाही.

८ मार्च, सकाळी
कल्पना सुचली. फार साधी आहे, डॉक्टरला कधीच सुचली नसती. माझा शर्ट पाठवायचा. न धुतलेला. आठ दिवस अंगात घालायचा, कामावर, झोपताना, सगळीकडे. बुलेटने एकदा वास घेतला की उठून ताटलीकडे जाईल. निळा चौकडीचा निवडला. आजपासून सुरू.

११ मार्च
शर्टाचं काम छान चाललंय. वकिलाने खाट खिडकीजवळ ओढली. म्हणाला, माणूस लाँड्रीत काम करतो आणि त्याच्याच शर्टाला असा वास येतो, हे बाहेर कळलं तर कंपनी बुडेल. मी म्हटलं, हे औषध आहे. म्हणाला, मग बाटलीत भर आणि झाकण लाव.

१४ मार्च
शर्ट आणखी दोन दिवस घालणार होतो, पण वकिलाने मुदत दिली होती. तीन प्लास्टिकच्या पिशव्या, त्यावर चिकटपट्टी. आत चिठ्ठी: बुलेटसाठी. इतरांनी हात लावू नये. पार्सलवाल्याने आत काय आहे विचारलं. जुना शर्ट म्हटलं. तो म्हणाला, पार्सलचा खर्च शर्टापेक्षा जास्त होईल. अशा माणसांमुळेच जग पुढे जात नाही.

१५ मार्च
सहाला उठलो. पाचच्या जवळच आहे.

१९ मार्च, दुपारी २.१०
आईने शर्ट धुतला.

हे इथे परत लिहितोय म्हणजे माझा विश्वास बसेल. आईने शर्ट धुतला. फोन करून वर आनंदाने सांगितलं. तिकडे पाणी येत नाही का रे, म्हणाली, दोनदा भिजवला तेव्हा कुठे रंग दिसला. कॉलर ब्रशने घासली, उन्हात वाळवला, तुटलेलं बटण लावलं, इस्त्री केली. मी विचारलं, चिठ्ठी वाचली का? वाचली म्हणाली, पण त्याला तरी असला घाणेरडा कसा द्यायचा, आजारी आहे तो. मग दिला का त्याला? नाही, इतका छान निघाला की तुझ्या बाबांना दिला. त्यांना अगदी मापात बसतोय. घालून फिरायला गेलेत.

मग आई दहा मिनिटं शेजारच्या घराच्या रंगकामाबद्दल बोलली.

त्याच दिवशी, चहाच्या सुट्टीत
धाकटीचा मेसेज. आज बुलेट थोडा दहीभात जेवला. बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून, बाबांच्या हातून. बाबांच्या अंगात अर्थात माझा शर्ट. म्हणजे उपाय लागू पडला. गरम पाण्यात धुतल्यावर कपड्यात काय शिल्लक राहतं ते मला कुणी शिकवू नये, माझं पोटच त्यावर आहे. काही राहत नाही. पण आई हाताने धुते, त्यामुळे राहत असणार.

बाबांना फोन केला. (कामासाठी होता, निश्चय मोडला नाही.) स्पष्ट सांगितलं, कुत्रा माझा आहे, यापुढे त्याच्याबाबतचा कुठलाही निर्णय मला विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. बाबा बरं म्हणाले. इतक्या सहज कधी म्हणत नाहीत. माझ्या आवाजात आता वजन आलंय.

२२ मार्च, रविवार
व्हिडिओ कॉल. बुलेट गोधडीवर पडलेला. बारीक झालाय, पण आमच्याकडचा कॅमेरा सगळ्यांनाच बारीक दाखवतो. मी हाक मारली. बुलेट, ए बुलेट. त्याने बघितलं नाही. परत मारली. दरवाज्याकडे बघत राहिला. मग मागून बाबांचा हळू आवाज आला, ढब्बू. शेपटी हलली. दोनदा.

नेट स्लो होतं. माझी हाक तिकडे उशिरा पोचली आणि शेपटी नेमकी बाबा बोलले तेव्हा हलली. धाकटीला हे समजावलं. ती म्हणाली, हो दादा. हल्ली ती मला असं उत्तर देते.

बाबा त्याला रोज तीनदा उचलून जिन्यावरून खाली नेतात म्हणे. गुडघा दुखतो तरी. लाडावून ठेवलंय. मी असतो तर चालायला लावलं असतं.

२४ मार्च, सकाळी
बाबांचा फोन. डॉक्टर म्हणाले आता त्याला त्रास देण्यात अर्थ नाही. इंजेक्शन देऊन सोडवावं. मी म्हटलं, डॉक्टरला काय जातंय बोलायला. बाबा म्हणाले, कुत्रा तुझा आहे, विचारल्याशिवाय काही करू नका असं तूच सांगितलंस. मी विचारतोय. तू सांग.

मी म्हटलं, आवाज कटतोय.

आवाज कटत नव्हता.

२५ मार्च
चार्जर नीट चालत नाहीये. फोन बंद ठेवला. उद्या रजा मागणार. प्रवासाला दोन दिवस लागतात. स्वतः जाऊन बघतो. मला बघून तो उठून उभा राहील, मग त्या डॉक्टरला बोलवून दाखवायचं.

२६ मार्च
सुपरवायझरबाई कामात होत्या. उद्या मागतो.

२७ मार्च
मागितली. मी चार कारणं तयार ठेवली होती, आजीला आजारी पाडणार होतो. पण तोंडातून कुत्रा आजारी आहे असंच निघालं आणि बाई पहिल्याच वाक्याला म्हणाल्या, जा की, आठ दिवस जा, आणि वर म्हणाल्या, कुत्रं घरचंच असतं रे. इतक्या पटकन हो म्हणायचं म्हणजे काय? मी नसलो तरी काम अडत नाही असाच त्याचा अर्थ होतो. असला अपमान मी सहन करणार नाही. बाहेर आलो, पाच मिनिटं उभा राहिलो, परत आत जाऊन रजा नको म्हणून सांगितलं.

वकिलाला हे सांगितलं. मला वाटलं वाद घालेल. तो म्हणाला, भीती वाटते ना? मी म्हटलं, कसली भीती, तत्त्वाचा प्रश्न आहे. त्याने वाद घातला नाही. पहिल्यांदाच.

२८ मार्च, सकाळी ५.००
पाचला उठलो. झोपलोच नव्हतो, पण नोंद पाचचीच.

फोन चालू केला. धाकटीचे नऊ मेसेज. तो पाणीसुद्धा पीत नाही. कण्हतो. बाबा त्याच्याशेजारी जमिनीवर झोपतात. तीन दिवस कामावर गेले नाहीत.

तेवढ्यात आईचाच फोन. ओरडेल असं वाटलं, ओरडली नाही. म्हणाली, हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण काहीतरी म्हण रे. मी म्हटलं, त्यांनी मला विचारून कधी काय केलंय? आठवीत शाळा सुटली तेव्हा विचारलं? मी निघालो तेव्हा जाऊ का नको असं एका शब्दाने बोलले? आता बरं विचारतायत. आई म्हणाली, त्यांना जमत नाहीये रे. रोज डॉक्टरचा नंबर काढतात आणि फोन खाली ठेवतात. तुझ्याच्याने होईल असं त्यांना वाटतं.

मी म्हटलं, कामावर जायचंय.

त्याच दिवशी, रात्री
जेवणाच्या सुट्टीत गाड्या लागतात तिथे जाऊन फोन केला. बाबांनी पहिल्या रिंगला उचलला. मी म्हटलं, बोलवा डॉक्टरला. बाबा म्हणाले, बरं. मग कोणीच फोन ठेवला नाही. मागे त्याचं कण्हणं ऐकू येत होतं. मला वाटलं होतं धाकटी वाढवून सांगते. वाढवून सांगत नव्हती.

बाबांनी विचारलं, जेवलास का? हो म्हटलं. डबा उघडलाही नव्हता.

म्हणाले, डॉक्टर चारला येतील, फोन त्याच्या कानाशी धरू का? मी म्हटलं, चारला माझ्या डोक्यावर काम असतं. आणि खरंच होतं. चार वाजता मी चादरी वेगळ्या करत होतो. एकाही चादरीत काही सापडलं नाही. साडेचारला बाई येऊन म्हणाल्या, अर्धा तास तू एकच चादर हातात धरून उभा आहेस. मी म्हटलं, तपासतोय.

२९ मार्च, रविवार
झालं. दोन मिनिटं लागली म्हणे. दारात डॉक्टरला बघून एकदा भुंकला. शेवटपर्यंत माझ्यासारखाच होता, डॉक्टरचं काही ऐकून घेतलं नाही.

बाबा फोनवर व्यवस्थित बोलत होते. मध्येच म्हणाले, सकाळी त्याला खाली न्यायला म्हणून उठलो. आईने फोन घेतला.

डॉक्टर, इंजेक्शन, मागच्या बाजूला खड्डा खणणारा माणूस, महिन्याभराची औषधं, सगळं मिळून चार हजार दोनशे झाले. बाबा आईच्या मागून म्हणत होते, त्याला म्हणावं काही पाठवू नको, झालंय सगळं. मी ऐकणाऱ्यातला नाही. ठणकावून सांगितलं, कुत्रा माझा, निर्णय माझा, तर बिलही माझंच. एक पैसा तुम्ही भरायचा नाही. मला कोणाची मेहेरबानी नको.

पगार सात तारखेला. बाकीचं तेव्हा.

आज पाठवतोय: सातशे.