दुसऱ्या प्रवाशाचं भाडं

ब्रिजटाउन, बार्बाडोस
२ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या सहलीचे कागद सोबत पाठवले आहेत. जहाज पाच तारखेला दुपारी चारला सुटतं. दोनच्या आत धक्क्यावर असायला हवं. एकतीस वर्षं जहाजांवर केबिन स्टुअर्ड म्हणून काढलेल्या माणसाला मी हे सांगणं हास्यास्पद आहे. पण प्रवासी म्हणून तुम्ही पहिल्यांदाच चढणार आहात, आणि प्रवाशांचे नियम वेगळे असतात. मी पुस्तिका दोनदा वाचली. तरी काही गोष्टी कळल्या नाहीत.

भाड्यात जेवण, बहुतेक दारू, कपडे धुणं आणि बक्षिशी धरलेली आहे. 'बहुतेक' म्हणजे कुठवर, ते लिहिलेलं नाही. इंटरनेट धरलेलं नाही, आणि त्याचा दर पाहता बंदरावरच्या एजंटच्या थैलीतून पत्रं पाठवण्याची तुमची जुनी पद्धतच बरी. संध्याकाळी सहानंतर अर्धी चड्डी चालत नाही. चौदापैकी बारा रात्री पोशाख 'साधा पण ऐटदार' आणि दोन रात्री पूर्ण औपचारिक. एकाच वेळी साधं आणि ऐटदार कसं व्हायचं, हे मी त्यांच्या कार्यालयात विचारलं. तिथली मुलगी बराच वेळ विचार करून म्हणाली, की शर्टाला कॉलर हवी. औपचारिक रात्री काळा कोट, किंवा उष्ण समुद्रांत पांढरा. तुमचा पांढरा चालेल.

भाड्याबद्दल तुम्ही विचारालच. जाहिरातीत दर माणशी लिहिलेला असला, तरी खोलीत दोघं राहतील असं धरून तो काढलेला असतो. एकटा माणूस गेला की त्याला जवळजवळ पावणेदोन माणसांचं भाडं पडतं. तसं पडलं आणि मी ते भरलं. यावर चर्चा नको.

वेल्डा आत्या सगळ्या गल्लीला सांगत सुटली आहे, की एगबर्ट तिसऱ्या दिवशी दुसऱ्यांच्या चादरी बदलताना सापडला नाही तर मी माझं नाव बदलेन. तिला खोटं पाडा.

पाचला सामान न्यायला येईन. माया आहे तेवढी राहू द्यावी.

आपली,
केझाया


कॅस्ट्रीज बंदर
७ फेब्रुवारी

चि. केझायास,
अ. उ. आ.

पोरी, तुझी आत्या चुकली. तिसरा दिवस कशाला, दुसऱ्याच सकाळी माझ्या हातून अपराध घडला. सवयीने बिछाना करून बसलो. आमचा स्टुअर्ड वायान, बाली बेटावरचा, आत आला आणि कोपरे बघून घाबरलाच. कोपरे त्याच्यापेक्षा बरे होते ना! त्याला वाटलं, कंपनीने तपासनीस पाठवलाय. मी काय ते सांगितलं, तर हात जोडून म्हणाला, काका, कृपा करा, तुम्ही झोपा फक्त. आता मी रोज सकाळी चादर मुद्दाम चुरगाळून ठेवतो. त्याच्या पोटावर पाय नको.

काल पहिली औपचारिक रात्र झाली. पांढरा कोट घातला, बूट चमकवले, आणि दिवाणखान्याच्या दारात उभा राहिलो. हिऱ्यांच्या कुड्या घातलेल्या एका बाईंनी रिकामा ग्लास माझ्या हातात दिला. म्हणाल्या, आणखी एक, पण बर्फ कमी. मी मागे वळून बघितलं, कुणाला सांगतायत म्हणून. मागे भिंत. मग काय करणार? आणून दिला. बाईंनी पर्समधून नोट काढली, थबकल्या, आणि अरेच्चा, बक्षिशी भाड्यातच धरलीय नाही का, असं म्हणून परत ठेवली. मला सांग, मी नक्की कोण आहे इथे? ज्याच्या भाड्यात बक्षिशी धरलीय तो, की ज्याला ती मिळायची तो?

आणि एक कोडं. न्हाणीघरात अंगरखे दोन. सपातांचे जोड दोन, त्यातला एक लहान. रात्री उशांवर चॉकलेटं दोन. जेवणाचं टेबल दोघांचं. वेटर येतो, समोरची ताटली उचलतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडून ठेवतो. पावणेदोन भाड्याला हे सगळं मिळतं का? मग पाऊण चॉकलेट नको होतं?

जेवण छान आहे. आपलं मक्याच्या पिठाचं कुकू मात्र नाही. जिवाला जपून राहा, आणि म्हाताऱ्याची आठवण काढत जा.

तुझा,
बाबा


ब्रिजटाउन
९ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आज सकाळी पोचलं. पोशाखाचं पान पुन्हा वाचलं. उष्ण समुद्रात पांढरा कोट चालतो, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. चूक त्या बाईंची आहे, तुमची नाही, आणि ग्लास आणून द्यायचं काहीही कारण नव्हतं. तरी सतराला दुसरी औपचारिक रात्र आहे, तेव्हा काळा घाला. वायानला सांगितलंत तर भाड्याने मिळेल. तो भाड्यात धरलेला नाही.

अंगरख्यांचं म्हणाल तर दर माणसाचा नसून खोलीचा असतो, आणि खोली दोघांची आहे. म्हणून वस्तू दोन. यात कोडं असं काही नाही.

इकडे सगळं ठीक. कारखान्यात समुद्राचं पाणी गोडं करणारा तिसरा पंप दुरुस्त झाला. पाण्यात उरलेलं मीठ दशलक्षात दोनशे ऐंशी भाग, म्हणजे मर्यादेच्या आत. वेल्डा आत्याला बिछान्याची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, आता मला नाव बदलायची गरज नाही, त्याने गाव बदलावं.

समोरच्या ताटलीचं मनावर घेऊ नये. लोभात उणं नसावं.

आपली,
केझाया


रोझो बंदर, डॉमिनिका
११ फेब्रुवारी

चि. केझायास,
अ. उ. आ.

बाळा, मिठाचं तुला कळतं, बिछान्यांचं मला कळतं. एकट्या प्रवाशाच्या खोलीत अंगरखा एकच टांगतात. भाडं पावणेदोन असो की तीन, दुसरा कोठीतच राहतो. आणि लहान मापाच्या सपाता तर कुणी माप कळवल्याशिवाय ठेवतच नाही. पाच नंबर. तुझ्या आईचाही पाचच होता, पण तिला जाऊन चार वर्षं झाली, ती काही माप कळवायची नाही.

परवा वायानने विचारलं, काका, मिस कधी येणार? मी म्हटलं, कोण मिस? तो गोंधळला, मी त्याच्याहून गोंधळलो. शेवटी त्याने त्याची यादी दाखवली. दाखवू नये, पण दाखवली. आपल्या खोलीसमोर दोन नावं आहेत. ई. गिटन्स, चढले. के. गिटन्स, चढायच्या आहेत.

मी दोन दिवस ते मनात फिरवतोय. धक्क्यावर माझी बॅग तू एका हाताने उचललीस आणि दुसऱ्या खांद्याला निळी पिशवी होती. मला वाटलं, अवजारं असतील, तिथूनच कामावर जाणार असशील. कठड्यापाशी तू थांबलीस आणि म्हणालीस, जा आता. मी गेलो. मागे वळून हात हलवला तोवर तू पाठमोरी झालेली.

मी काही बोललो का गं? काही विसरलो का? वर्षातले दोन महिने मी घरी यायचो, आणि पहिले तीन दिवस तू मला मिस्टर गिटन्स म्हणायचीस. तुझी आई हसायची. मीही हसायचो, कारण दुसरं काय करतात ते मला माहीत नव्हतं. खोली कशी लावायची, ते विचार. घरात कसं बसायचं, ते मी जहाजावर शिकलो नाही.

रागावलो नाही. फक्त काय झालं ते कळत नाही. सतराला पांढराच कोट घालणार आहे. वेटरला सांगून ठेवलंय, ताटली उचलू नकोस.

तुझा,
बाबा


ब्रिजटाउन
१४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा तर्क बरोबर आहे. पावणेदोन भाड्याची गोष्ट खोटी नव्हती, पण आपल्या बाबतीत खरी नव्हती. मी दोन पूर्ण भाडी भरली होती. सपातांचं माप मीच कळवलं होतं. तुम्हाला जहाजावर गेल्यावर कळावं, असा बेत होता. शेवटच्या आठवड्यात तो मला झेपेना, म्हणून त्या पहिल्या पत्रात मी माघारीची वाट ठेवली. तरी पाचला पिशवी भरून आणली. तिच्यात अवजारं नव्हती.

तुम्ही काही बोलला नाहीत. तुम्ही काही विसरला नाहीत. कठड्यापाशी उभी असताना मी हिशेब केला. चौदा रात्री, दोघांचं टेबल, रोजचं जेवण दोन तासांचं. अठ्ठावीस तास. आपण दोघं आजवर सलग सगळ्यात जास्त किती बोललो, ते आठवून पाहिलं. आईच्या अंत्यविधीनंतर गॅस सिलेंडर बदलण्याबद्दल बोललो होतो, तेव्हा वीस मिनिटं झाली असतील. पंप बिघडला तर मला काय करायचं ते कळतं. समोर माणूस बसलेला असताना सूप आणि मासा यांच्यामधल्या वेळेत काय करायचं, ते कुठल्याच पुस्तिकेत नाही. म्हणून मी म्हणाले, जा आता.

तुमचं पत्र काल आलं. रात्री ते चार वेळा वाचलं. तुम्हाला कसं बसायचं ते माहीत नव्हतं, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, तुम्हाला बसायचंच नसायचं.

आज सकाळी कार्यालयात चौकशी केली. न वापरलेल्या भाड्यातलं काही परत मिळत नाही. मात्र प्रवाशाला वाटेतल्या बंदरात चढता येतं. पासपोर्ट लागतो, आणि यादीत नाव असावं लागतं. नाव आहे. जहाज सोळाला ग्रेनाडात सेंट जॉर्जेसला थांबतं, चढायची मुदत दुपारी तीन. मी चार दिवसांची रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं. मी म्हटलं, घरगुती. तीन वर्षांत मी पहिल्यांदाच हा शब्द वापरला असेल, कारण त्यांनी लगेच सही केली.

सतराच्या रात्रीचं मला अजून नीट समजलेलं नाही. बायकांसाठी लांब झगा, किंवा 'तोलामोलाचं काही' असं लिहिलं आहे. कशाच्या तोलाचं, ते लिहिलेलं नाही. माझ्याकडे काळी पँट आणि रेशमी सदरा आहे. वेल्डा आत्याने डोक्याला हात लावला आणि स्वतःचा चर्चचा हिरवा झगा देऊ केला. तो मला दीडपट होतो. मी पँट आणते आहे. कुणी माझ्या हातात ग्लास दिला, तर मी त्यांना बार कुठे आहे ते दाखवीन.

सोळा, सतरा, अठरा. तीन रात्री, म्हणजे सहा तास. अठ्ठावीस मला जमले नसते. सहा कदाचित जमतील. मध्येच मी गप्प झाले, तर बोलायचं थांबू नये. मी ऐकत असेन.

हे पत्र उद्याच्या विमानाने जाईल, मी परवाच्या. उत्तर पाठवू नये, ते मला इथे सापडणार नाही.

आपली,
केझाया