तिसरं अंजीर

कोपरी, ठाणे
चैत्र वद्य ३, शके १८१०

तीर्थस्वरूप सौ. ताई हिस,
श्रीपादाचे शि. सा. न. वि. वि. शाळा सोडून दोन वर्षं झाली, म्हणून ऱ्हस्वदीर्घाला हसू नकोस. या चार ओळींना अख्खी सकाळ गेली.

तिसरं अंजीरही मेलं. तुझे मामंजी पुण्याहून दरसाल रोप धाडतात, अण्णा ते माझ्या हातात देतात, आणि मेलं की मलाच बोलतात. मी काय करू गं? पावसात मुळं कुजतात, उन्हाळ्यात परसातल्या विहिरीला खाडीचं खारं पाणी लागतं. मासळीवाली दगडाबाई कुंपणावरून हसते, म्हणते पोरा, इथं माड लाव. अण्णा म्हणतात, व्याह्यांच्या रोपाला नाही कसं म्हणायचं?

तुझा,
श्रीपाद

पुणे
चैत्र वद्य १०

चि. श्रीपाद यास अ. आ. वि.
तू झाडाला रडतोस, इथे माझं माहेरी येणं अडलंय. मला सातवा लागला. मामंजी म्हणाले, ज्यांना एक रोप जगवता येत नाही ते आमची सून काय सांभाळणार? बाळंतपण इथेच. मला आई हवी रे. अण्णा लाजेने खरं लिहायचे नाहीत. तू लिही. तोंडातून शब्द फुटत नाही तुझ्या, पण कागद काही तुला खात नाही. आणि पुरावा धाड.

आहे ती माया राहू दे.
ताई

कोपरी
वैशाख शुद्ध ८

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.
मी घाण करून ठेवली. मामंजींना सगळं खरं लिहिलं, आणि त्या विहिरीचं पाणी तांब्याच्या गडूत भरून, तोंड डाख देऊन बंद करून, पुण्याला निघालेल्या हरिहरकाकांबरोबर धाडलं. मामंजींना वाटलं, काशीहून असंच बंद गडूत येतं ते गंगोदक! चिठ्ठी फोडायच्या आधीच हात जोडून घोटभर प्यायले. काका म्हणतात, तोंड बघवेना. आता निरोप आलाय, झाडाचं पटलं, पण असलं पाणी प्यायला सुनेला पाठवणार नाही.

अगं, ते पितं कोण! प्यायचं आपण नौपाड्याहून गोडं आणतो, हेच लिहायचं राहिलं. अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत.

आता लिहिणं बस. परवाच्या गाडीने मीच येतो. मामंजींसमोर उभा राहतो, इथल्या पाण्यावर वाढलेला. बोलता आलं तर बोलेन, नाहीतर ते तुला जा म्हणेपर्यंत तिथून हलणार नाही. तू बोचकं बांधून ठेव.

धाकट्यावर राग धरू नकोस,
श्रीपाद

ता. क. समोरच्या आनंदरावांनी काल पहिल्यांदाच साहेबासारखे बूट घातले. बघायला अर्धी कोपरी जमलेली.